पान्याची टकटक

आमच्या घरात चपात्या खालच्या आवाजावर भाजल्या जायच्या. खाली म्हणजे इमारतीच्या मागच्या आवारात, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर खाली. तिथे बाबा गाडीखाली उताणे पडलेले असत आणि वर पहिल्या मजल्यावर आई चपात्या लाटत असे. मधूनच ती खिडकीशी येऊन "अहो" अशी हाक टाकी. त्यावर खालून लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज येई, टक टक, दोनदा. तो ऐकला की मगच तव्यावरची चपाती उलटली जाई. यायला जरा उशीर झाला की चपाती तशीच राही, करपल्याचा वास सुटे आणि आई लाटणं हातात घेऊन खिडकीतून अर्धी बाहेर वाकलेली असे. माझ्या त्या वर्षांतल्या कित्येक चपात्या एका बाजूनं काळ्या होत्या. त्याचं खरं कारण मी शाळेत डब्यात डोकावणाऱ्या मैत्रिणींना कधी सांगितलं नाही, कारण सांगून कुणाला ते पटलं नसतं.

आम्ही अंधेरी पूर्वेला, महाकालीच्या चढावर राहत होतो. चढावर बांधलेल्या सोसायट्यांमध्ये सपाट अशी जागा नसतेच. आमच्या आवारात चेंडू ठेवला की कुणी न ढकलता तो हळूहळू निघे आणि थेट गेटपाशी जाऊन थांबे. क्रिकेट खेळणारी मुलं त्यावरून रडकुंडीला येत. आता तिथे उंच टॉवर उभा आहे आणि गाड्यांसाठी वेगळा मजला आहे, फरशी घातलेला, पाण्याची पातळी लावून तपासावा इतका सपाट. तरी मी आजही तिथे गाडी लावली की उतरून एकदा मागे जाते आणि चाकाकडे बघते. मुलगा हसतो. हसू दे.

बाबा विमा कंपनीत होते. फोर्टात ऑफिस, पांढरा शर्ट, डबा, छत्री. त्यांच्यात यंत्राचं वेड कुठून आलं हे आजीलाही ठाऊक नव्हतं. पार्ल्यात एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांचा बंगला पाडायला काढला होता. त्यांच्या आवारात चिंचेखाली ही गाडी वर्षानुवर्षं पडून होती. विलायतेत बनलेली, शर्यतीत पळवायची, छप्पर नसलेली, पुढे हे लांबलचक नाक आणि मागे जेमतेम दोन माणसांची जागा. चाकांना सायकलीसारख्या तारा. त्या गृहस्थांचं काही विम्याचं काम बाबांनी मनापासून करून दिलं होतं. ते म्हणाले, "डिकरा, नीट करशील तर घेऊन जा. भंगारवाल्याला मी देणार नाय." टेम्पोच्या मागे दोर बांधून ती आमच्या चढावर आली तेव्हा अख्खी सोसायटी गॅलऱ्यांमध्ये उभी होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि बॉनेटखाली चिंचेचे आकडे साठले होते. आईनं खाली येऊन एक फेरी मारली आणि फक्त एवढंच विचारलं, "आपण माणसं तीन. ही गाडी दोघांची. मग घरी कोण राहायचं?"

पण तिचं खरं म्हणणं ते नव्हतं. तिचा थोरला भाऊ, माझा भाऊमामा, मी जन्मायच्या आधी कुर्ल्याला एका गॅरेजात काम करत असताना ट्रकखाली गेला होता. जॅक सरकला. आई तेव्हा लहान होती आणि त्याचा डबा घेऊन तिथे गेली होती. गॅरेजातली माणसं ट्रकभोवती उभी राहून त्याला हाका मारत होती आणि तो ओ देत नव्हता. ही गोष्ट तिनं मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता, मान वर न करता. गाडी आली त्या आठवड्यात ती बाबांशी एक अक्षर बोलली नाही. शेवटी बाबांनीच तोड काढली. "हे बघ, तू वरून हाक मार. वाटेल तेव्हा, वाटेल तेवढ्या वेळा. मी पान्यानं दोनदा वाजवीन. वाजलं की समजायचं, ठीक आहे." आईनं विचार करून सांगितलं, "आणि मंजू खाली बसेल. जॅकवर लक्ष ठेवायला." मंजू म्हणजे मी.

तेव्हापासून माझ्या सगळ्या रविवारांची वाट लागली. सोसायटीतल्या मुली समोरच्या गच्चीवर कॅरम खेळत, आणि मी लाकडी स्टुलावर बसून एका लोखंडी जॅककडे टक लावून बघत असे. त्याचा स्क्रू चकचकीत होता, बुड तीन पायांसारखं पसरट होतं आणि एका पायाचा टवका उडाला होता. बघून बघून तो मला हलल्यासारखा वाटे. मी डोळे मिटून उघडी, पुन्हा बघी. हलला का? नाही बहुतेक. मग मी उगीचच हाक मारी, "बाबा!" टक टक. बाबांच्या फक्त चपला दिसत, टाचा झिजलेल्या. त्या चपलांकडे बघत मी भूगोल पाठ केला, बीजगणिताची सूत्रं पाठ केली, पहिल्यांदा कुणाचा तरी विचार केला आणि तोही अर्धाच, कारण दर मिनिटाला नजर जॅककडे वळवावी लागे. भीती ही गोष्ट एकदम येते असं लोक म्हणतात. माझी तशी आली नाही. मला ती रोज थोडी थोडी दिली गेली, आणि मी ती मुकाट्यानं घेत गेले.

तरी हेही सांगायला हवं की घर त्या गाडीनं भरून गेलं होतं आणि ते भरलेपण मला आवडायचं. गॅलरीत वर्तमानपत्रावर कार्बुरेटर सुटा करून मांडलेला असे. बारीक नटबोल्ट हरवू नयेत म्हणून बाबांनी आईचं इडलीपात्र लांबवलं होतं, एकेका खळग्यात एकेका मापाचे. तिनं कटकट केली आणि नवं आणलं, पण जुनं परत मागितलं नाही. बाथरूममध्ये रॉकेलचा डबा, साबणाच्या वडीवर बाबांच्या बोटांचे काळे ठसे. रविवारी बांगडे तळल्याचा वास आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळून जिन्यापर्यंत जात. जो भाग बाजारात मिळत नसे तो मरोळला लेथवर करून घ्यावा लागे. बाबा ऑफिसातून परस्पर तिकडे जात आणि रुमालात बांधून एखादी पितळी बुशिंग घेऊन येत. जेवताना ती ताटाशेजारी ठेवत. "बघ गं, काय झकास आलंय," असं म्हणत. आई भात वाढता वाढता म्हणे, "आलंय ना? मग ते उचला आणि आमटी घ्या."

एक मात्र होतं. आई बाबांचं नाव कधी घेत नसे. त्या काळी बऱ्याच बायका घेत नसत, पण आईचं जरा जास्तच होतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात कुणी नाव विचारलं की ती मला पुढे करी आणि मी म्हणे, "मनोहर." ती शेजारी उभी राहून जमिनीकडे बघे.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची असं बाबांनी ठरवलं तोवर तिला बरंचसं रूप आलं होतं. इंजिन सुरू व्हायचं, खोकत का होईना. पत्र्याला गडद हिरवा रंग बसला होता. ब्रेक जोडून झाले होते. हँडब्रेकची तार तेवढी मरोळहून यायची राहिली होती. म्हणून मागच्या दोन्ही चाकांमागे विटा लावलेल्या असत. गाडीचं नाक भिंतीकडे आणि पाठ उताराकडे, गेटकडे. एरवी बाबा गाडीखाली जायचे तेव्हा जॅकच्या जोडीला एक जाड लाकडी ओंडका लावायचे. आदल्या दिवशी आवार झाडून घेताना तो ओंडका जिन्याखाली टाकला गेला. काम तर संपलंच होतं.

सकाळी घाटकोपरहून कुसुमआत्या आली. बाबांची धाकटी बहीण. जाईल तिथे ताबा घेणारी, मोठ्या आवाजाची, मायाळू. तिनं पिशवीतून झेंडूची तोरणं काढली, आंब्याचे डहाळे काढले, नारळ काढला, आणि पदराच्या गाठीतून चार पिवळीधमक लिंबं. "चारी चाकांखाली एकेक," ती म्हणाली. "वहिनी, तू ओवाळ, दादा नारळ फोडेल आणि मग गाडी लिंबांवरून एवढीशी पुढे घ्यायची. आणि आज नाव घ्यायचंय हं, सोडणार नाही तुला." आई लाजली नाही, नुसती म्हणाली, "नारळ फुटू दे आधी, मग बघू." ती त्या दिवशी कधी नव्हे ते गाडीजवळ येणार होती. लग्नातला शालू नेसली होती. श्रीखंड फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं, पुऱ्यांचं पीठ मळून झालं होतं. आज कुणी गाडीखाली जायचं नाही, या एका विचारानं मला नव्या कपड्यांपेक्षा जास्त आनंद झाला होता.

पण बाबांना पुढच्या चाकापाशी जमिनीवर ओला डाग दिसला. ब्रेकचं तेल. "नळीचा जोड ढिला राहिलाय," ते म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे." त्यांनी सदरा काढून भिंतीवर टाकला, पुढची बाजू जॅकवर उचलली, चाक काढलं आणि आत सरकले. ओंडक्याची आठवण त्यांना झाली नाही. मला झाली. मी म्हटलंसुद्धा, "बाबा, ओंडका?" आतून आवाज आला, "झालंच गं." मी स्टूल ओढून बसले आणि जॅककडे बघू लागले.

आत्या मागच्या बाजूला रांगोळी काढत होती. ती मला गाडीपलीकडून दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता, गुणगुणल्याचा. तिला त्या तेलकट विटा डोळ्यांत खुपत होत्या. पूजेच्या जागी त्या कशाला? आणि लिंबू ठेवायचं तर चाकाला टेकूनच ठेवायला हवं. तिनं एक वीट काढली, मग दुसरी काढली आणि दोन्ही ठिकाणी लिंबं ठेवली. दादा पुढे काहीतरी खटपट करतोय, तोवर आपण मागचं आवरू, एवढाच तिचा विचार.

मी जॅककडे बघत होते. इतके रविवार मला जे दिसल्याचा भास व्हायचा ते त्या क्षणी खरोखर दिसलं. जॅकचं डोकं किंचित मागे झुकलं. टवका उडालेला पाय जमिनीवरून सुटला. मी ओरडले, "बाबा!"

टक टक.

मी आणखी जोरात ओरडले, "बाबा! बाबा!" टक टक, टक टक, जरा वैतागून. मी घाबरट, हे घरात सर्वांना माहीत होतं. हाक आली की पाना वाजवायचा, ही त्यांच्या हाताला सवय लागली होती. मी ओरडत होते आणि प्रत्येक वेळी ते मला आतून सांगत होते की ठीक आहे. आमच्याकडे ठीक असल्याची खूण होती. ठीक नसल्याची कुणी ठरवलीच नव्हती.

मागून फट्कन लिंबू फुटल्याचा आवाज आला आणि आत्या आनंदानं म्हणाली, "अगं बाई, गाडी चालली की!"

आई तेव्हा ओवाळणीचं ताट घेऊन जिन्यावरून खाली येत होती. शेवटच्या पायरीवर होती. तिला चाक फिरताना दिसलं, बाजूला काढलेल्या विटा दिसल्या, आणि पलीकडे माझं तोंड दिसलं असणार. ताट तिच्या हातातून कसं पडलं ते मला कळलं नाही, नुसता खणखणाट ऐकला. मग ती गाडीच्या मागे होती. पाठ पत्र्याला लावलेली, दोन्ही अनवाणी पाय रांगोळीत रोवलेले, मान ताठ. गाडी थांबली. थांबली म्हणजे काय, थरथरत राहिली. "अहो!" ती ओरडली. टक टक. "अहो, बाहेर या!" टक टक, टक टक. आतून त्यांना शब्द नीट ऐकू येत नव्हते, हाक तेवढी येत होती. आईचे पाय रांगोळीवरून घसरायला लागले. मी चपला धरून ओढत होते आणि बाबा पाय झटकत होते, पोरगी काय चाळे करतेय म्हणून.

आणि मग आईनं छातीतली सगळी हवा गोळा करून हाक मारली, "मनोहर! बाहेर ये!"

पाना वाजला नाही. क्षणभर आत काहीच हललं नाही. मग त्या दोन चपला जमिनीवर टेकल्या, गुडघे आले, बनियन आलं, आणि बाबा भिंतीच्या बाजूनं बाहेर सरपटले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्य होतं. इतक्या वर्षांत ते नाव त्या आवाजात त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते उठून बसतायत तोवर जॅक उडाला आणि गाडीचं पुढचं अंग चाकाविना धाडकन खाली आलं. बाबा जिथे पडले होते तिथेच, सरळ फरशीवर आलं. तिथली फरशी फुटली, ती नंतर टॉवर होईपर्यंत तशीच होती.

आत्यानं हंबरडा फोडला. शेजारचे धावत आले. कुणी विटा लावल्या, कुणी पाणी आणलं. आईच्या शालूच्या पाठीवर तेल आणि हिरवा रंग, टाच फुटलेली. ती जिन्याच्या पायरीवर बसली, थोड्या वेळानं उठली, विखुरलेल्या अक्षता गोळा केल्या आणि वर गेली. मी मागोमाग गेले. तिनं कढई ठेवली आणि पुऱ्या लाटायला घेतल्या. एकही पुरी गोल होत नव्हती, पण तेलात टाकली की प्रत्येक फुगत होती. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि खूप रडले. ती म्हणाली, "बाजूला हो, तेल उडेल."

बाबांना जेवण गेलं नाही. ते ताटातल्या श्रीखंडात बोट फिरवत म्हणाले, "विकून टाकतो. उद्याच कुणाला तरी सांगतो." आई वाढत होती. ती वाकलेलीच म्हणाली, "विकायचं काही नाही. मरेपर्यंत तोंड पाडून बसाल. पण खूण बदला. अहो म्हटलं तर वाजवा. मी नाव घेतलं तर वाजवायचं नाही. हातातलं टाकून बाहेर यायचं." बाबांनी मान हलवली. आत्या डोळे पुसत पुरी मोडत होती. नाव घेण्याचा विषय तिनं त्यानंतर जन्मात काढला नाही.

गाडी पुन्हा उभी राहिली. नवं ऑइल पॅन बसवायला, वाकलेला दांडा सरळ करायला पुष्कळ वेळ लागला. आता स्टुलावर आई बसू लागली, मांडीवर भाजीचं ताट घेऊन, आणि मी वर चपात्या करायला शिकले. माझ्याही करपत. ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा गेटबाहेर पडली त्या दिवशी दोघंच गेले, मरोळपर्यंत जाऊन आले. आईनं डोक्याला रुमाल बांधला होता. मी गेटपाशी उभी राहिले आणि परत येईपर्यंत आत गेले नाही. सगळं आयुष्य बाबा त्या गाडीखाली शिरत राहिले आणि आई हाका मारत राहिली. "अहो." टक टक. गाडीपाशी ती दुसरी खूण तिनं कधी वापरली नाही. वापरायची वेळच येऊ दिली नाही.

गाडी आता माझ्याकडे आहे. दर रविवारी मी तिचं इंजिन चालू करते. खाली शिरायचं काम मात्र मी कुणाला करू देत नाही, गॅरेजात पाठवते, आणि तिथल्या पोरांनी लिफ्टवर चढवली की मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहते.

बाबा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा आई ऐंशीच्या पुढे गेली होती. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले, दोन दिवस काही हालचाल नव्हती. नर्स म्हणाली, आजी, त्यांना ऐकू जात नसेल आता. आईनं ऐकून घेतलं. पलंगाच्या कठड्याला धरून ती वाकली. "अहो," म्हणाली. काही नाही. पुन्हा म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि त्यांच्या कानाशी, पण खणखणीत आवाजात हाक मारली, "मनोहर, बाहेर ये."

त्यांचं बोट हललं. अंगठीचं बोट, लोखंडी कठड्याला लागून असलेलं. टक टक. दोनदा, हळू.

खूण त्यांना नीट माहीत होती. नाव घेतलं तर वाजवायचं नाही, बाहेर यायचं. आई बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली आणि तिनं पुन्हा हाक मारली नाही.